दार लावायच्या आधीची हाक

दिवे गेले, आले, परत गेले, परत आले, आणि मग गेले ते गेलेच.

"घ्या!" मी म्हटलं. "हितंबी लोडशेडिंग!"

गौरी हसली. गौरी म्हणजे माझी सून. स्कॉटलंडला येऊन मला तीन आठवडे झाले होते आणि तिचं हसू मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. ती तिथल्या एका जुन्या चर्चच्या भिंतीत कोरलेल्या दगडी कोनाड्यात अंग चोरून बसली होती. पूर्वी तिथं पाद्री बसायचे म्हणे. मी गाभाऱ्याच्या कमानीमागं खाली फरशीवरच मांडी घातली होती. अंगावर नऊवारी, वरनं लेकाचं जाड जाकीट, पायात कापडी बूट. मान वर करून मी एका तोंडाकडं बघत होते.

दगडाचं तोंड. बाईचं की बुवाचं ते कळत नव्हतं. त्याच्या जबड्यातनं दोन्ही बाजूंनी पानं फुटली होती, पानांच्या वेली झाल्या होत्या, आणि त्या वेली कमानीच्या नागमोडी नक्षीत शिरून पार वरपर्यंत गेल्या होत्या. मी मनात म्हटलं, हा तर आमचाच. आमच्या महादेवाच्या उंबऱ्यावर असतो ना, डोळे वटारलेला कीर्तिमुख, तोच. इकडं येऊन त्याला पाला फुटला एवढंच.

तेवढ्यात लांब, दाराच्या बाजूला, लोखंडात लोखंड फिरल्यासारखा आवाज आला.

गौरी उभी राहिली. "आत्याबाई, दार लावलं वाटतं."

"लावंल कसं? हाक कुठं मारली?"

आता हे सांगायला पाहिजे. आम्ही गुरव. कृष्णाकाठी आमच्या गावात जुनं दगडी देऊळ आहे, त्याची पूजा, झाडलोट, दिवाबत्ती आमच्या घराकडं. आमच्यात रीत अशी, की संध्याकाळी दार ओढायच्या आधी गुरवानं उंबऱ्यात उभं राहायचं आणि आत तोंड करून मोठ्यानं हाक मारायची. 'आत कोण हाय? असंल त्यानं बाहेर या!' मग जरा थांबायचं. मग दुसरी हाक. मग तिसरी. मगच कडी. आत माणूस असो, कुत्रं असो, नाहीतर कुणी नसो. हाकेशिवाय लावलेलं दार मी उभ्या जन्मात बघितलं नव्हतं. दिवे मिचकावणं हीच तिथली हाक, हे मला कोण सांगणार?

सांगणारा कागद होता. दारालाच लावलेला. गौरी पळत गेली, भलंमोठं दार हलवून बघितलं, आणि मग तो कागद वाचून तिथंच थबकली.

"काय लिवलंय?"

"बंद करायच्या आधी दिवे दोनदा लावून विझवले जातील. तेव्हा बाहेर पडावं."

"मग येताना का वाचलं न्हाईस?"

"येताना मी तुमचा हात धरला होता, आत्याबाई. पायरी निसरडी होती."

मी म्हटलं, "ओरड."

ती इंग्रजीतनं ओरडली, अगदी अदबीनं, कुणाची झोपमोड होऊ नये असं. मग मी ओरडले, रानात डुकरं हाकलतात तसं. भिंतींनी सगळं गिळलं. चार माणसं झोपतील एवढ्या जाड त्या भिंती. खिडक्या उंचावर आणि एवढ्या अरुंद, की मांजर गेलं असतं तर मिशा अडकल्या असत्या. देऊळ टेकडीवर, भोवती सगळी थडगी, गाव खाली. देवळाची किल्ली सांभाळणारी म्हातारी गुडघ्याएवढे रबरी बूट घालून आली होती, दार उघडून मेंढरांकडं निघून गेली होती. परत आली तेव्हा तिनं दारातनंच डोकावलं असणार. कमानीआड बसलेल्या आम्ही तिला दिसलोच नाही.

"परत कवा उघडत्यात?"

"रविवारी. प्रार्थनेला."

तो शुक्रवार होता.

"फोन लाव गिरीशला."

"फोन गाडीत आहे."

"गाडीत का?"

तिनं परत दाराकडं बघितलं. मग म्हणाली, "सारखा वाजत होता."

"कुणाचा?"

"तुमच्या मुलाचा."

गिरीशनं मला तिकडं नेलं ते 'आई, तुला स्कॉटलंड दाखवतो' म्हणून. दाखवलं काय, तर दुकानं आणि घराची खिडकी. खरं काम वेगळं होतं. गौरी दातांची डॉक्टर. इकडची पदवी तिकडं चालत नाही, म्हणून घरात बसून अभ्यास करून तिनं तिकडची परीक्षा दिली होती. पास झाली आणि वर उत्तरेला, समुद्रकाठच्या एका गावातल्या दवाखान्यात तिला नोकरी मिळाली. आठवडाभर तिथं राहायचं, शनिवार-रविवार घरी यायचं. गिरीशला ते नको होतं. 'आई, घर मोडतंय बघ. माझं ऐकत नाही. तुझ्यापुढं तिची काय टाप आहे?' असं म्हणून त्यानं मला विमानात बसवलं.

आणि माझ्यापुढं खरंच कुणाची टाप नव्हती. तिचं माहेरचं नाव केतकी. आता सांगा, गुरवाच्या घरात केतकी? महादेवानं शाप दिलेलं फूल ते, पिंडीवर चालत नाही. लग्नात तांदळाच्या ताटात गिरीशनं अंगठीनं नाव लिहिलं, ते मी सांगितलेलं. गौरी. व्याहीबुवांनी तोंड वाकडं केलं, विहीणबाईंनी डोळ्याला पदर लावला. मी म्हटलं, 'फूल बदलत न्हाई हो, नुसतं नाव बदलतंय.'

त्या शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत तिला दवाखान्यात कळवायचं होतं, येते की नाही. नाही कळवलं तर जागा दुसऱ्याला. सकाळी कामाला निघताना गिरीशनं मला डोळ्यानं खुणावलं, आज. आणि गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. "तू म्हणतेस ना, जुनं देऊळ बघायचंय, तर जा तिच्याबरोबर. पण किल्ली तुझ्याकडं असू दे, आई. गाडी थांबली की मागून घ्यायची."

मी ती कनवटीला खोचली. म्हटलं, बघा, लेकानं आईला केवढा मान दिला.

तर आम्ही अशा अडकलो. उजेड खिडक्यांच्या फटीतनं येत होता तेवढाच. थंडी फरशीतनं वर चढत होती. गौरी परत त्या कोनाड्यात जाऊन बसली, मी तिच्या शेजारच्या कोनाड्यात. ओळीनं तीन होते, प्रत्येकावर कोरीव महिरप. आम्ही दोघी तिथं आळीतल्या मारुतीसारख्या बसलो.

मी म्हटलं, चला, आयतीच वेळ मिळालीय. घसा खाकरला. घरनं सगळं जुळवून आणलं होतं.

"हे बघ गौरी, बाईमाणसानं..."

"आत्याबाई, त्या माणसाचा बघा, उजवीकडचा दात दुखतोय."

"कुठल्या माणसाचा?"

तिनं कमानीखालच्या खांबाकडं बोट केलं. खांबाच्या माथ्यावर एक बुटका माणूस कोरला होता, गालाला हात लावलेला, तोंड वेडंवाकडं.

"अक्कलदाढ आहे," ती म्हणाली. "आठशे वर्षं झाली. कुणी काढली नाही."

मला हसू आलं, पण मी ते दाबलं. हसलं की पुढचं बोलणं फुकट जातं.

"विषय बदलू नगंस. घर काय असतं ते मला विचार."

"विचारते की. सांगा."

असं कुणी मला कधी म्हटलं नव्हतं. लोक ऐकून घेतात, विचारत नाहीत. मी जरा अडखळले आणि जुळवून आणलेलं सोडून भलतंच तोंडातनं निघालं.

"मी नवी नवरी होते तवा एकदा देवळात खांबामागं जाऊन बसले. सासूबाई सगळ्यांदेखत बोलल्या होत्या. ठरवलं, आता घरात पाय टाकायचा न्हाई. दिवेलागण झाली. मामंजी दार लावायला आले. हाक मारली. मी गप. दुसरी मारली. मी गप. तिसरी मारली."

"मग?"

"मग काय? त्यांना ठावं होतं मी आत हाय ती. माझ्या चपला बाहेर हुत्या. दार लावलं न्हाई त्यांनी. पायरीवर बसून ऱ्हायले तंबाखू मळत. मी आपल्या पायानं उठून येईपर्यंत."

"काही बोलले नाहीत?"

"म्हणाले, 'चला, पोरी, थंडी पडली.' बास."

गौरीनं माझ्या कापडी बुटांकडं बघितलं. मग म्हणाली, "आमच्या घरी पायरीच नाही, आत्याबाई."

"म्हंजे?"

"काही नाही." तिनं हात कोटाच्या बाहीत ओढून घेतले. "मला एवढंच वाटतं, की बरंच झालं दार लागलं ते. आता हो म्हणायला नको, नाही म्हणायला नको. पाच वाजतील, आपोआप होईल. तुम्हालाही बोलायची तसदी नको."

"मला कशाची तसदी?"

"तुम्हाला त्यासाठीच आणलंय ना." हे ती रागानं बोलली असती तर मी फाडून खाल्लं असतं. पण ती, आज भाजी कुठली करू, असं विचारावं तशी बोलली. "चार वर्षं झाली, आत्याबाई. गाडी मला येते, पण किल्ली मागावी लागते. मैत्रिणीशी बोलायचं तर ते बसलेले असताना. मारत नाहीत हो. आवाजसुद्धा चढवत नाहीत. म्हणतात, तुला कमी काय आहे? मीही मोजून बघते, कमी काय आहे. काही सापडत नाही. मग सगळं तसंच आत राहतं."

मी वर बघितलं. त्या तोंडातनं पानं निघतच होती.

"किल्ली कुणाकडं मागतीस?" मी विचारलं. उगाचच. मला ठाऊक होतं.

"एरवी त्यांच्याकडं. आज तुमच्याकडं."

कनवटीला ती किल्ली मला तेव्हा खडा टोचावा तशी टोचली. मी उठून उभी राहिले. पाय बधिर झाले होते म्हणून, असं मी मनाला सांगितलं. खरं तर आता काही करायची गरज नव्हती. लेकानं सांगितलेलं काम ते दार आपणच करत होतं. मी नुसतं गुमान बसायचं होतं.

पण मला गुमान बसायची सवय नाही. मी येरझाऱ्या घालायला लागले. आणि देवळात येरझाऱ्या घालताना आम्हा गुरवांची नजर खाली असते, जन्मभर झाडलोट केलेली. फरशी झिजली होती. मोठ्या दारापासनं कमानीपर्यंत मधोमध लांब खोलगट पट्टा, तो असायचाच, शेकडो वर्षांची माणसं. पण कमानीच्या आत, गाभाऱ्यात, एक दुसरा पट्टा होता. अरुंद. एका माणसाच्या पावलांएवढा. तो वेदीपासनं निघून सरळ उजव्या भिंतीत जात होता. भिंतीपुढं पोरांची चित्रं चिकटवलेला लाकडी फळा आणि त्याच्यामागं जाड लाल पडदा.

"गौरी, भिंतीत कोण जात असंल गं?"

"काय?"

"आमच्याकडंबी हाय असंच. मोठं दार लोकांचं. बाजूचं पुजाऱ्याचं. धर ह्यो फळा."

तिनं फळा धरला. चित्रातली एक मेंढी खाली पडली. मी पडदा ओढला तर धुळीनं दोघींना ठसका लागला. पडद्यामागं दार होतं. बुटकं, काळं, मला सुद्धा वाकावं लागेल एवढं. कुलूप नव्हतं. आतनं अडसर घातलेला, लाकडाचा, गंजलेल्या कड्यांत रुतून बसलेला.

"एवढा वेळ हे दार..." गौरीनं तोंडावर हात ठेवला.

"बोलू नगंस. वढ!"

तिनं ओढला, मी खालनं रेटला. ती म्हणाली, 'आत्याबाई, तुमचं वय...' मी म्हटलं, 'वयाला घाल चुलीत, जोर लाव, दात उपटती का गंमत करती?' तेव्हा मात्र तिनं पाय भिंतीला लावून असा काही हिसडा दिला, की अडसर तिच्या हातात आला आणि ती माझ्या अंगावर. दार फुगलं होतं. आम्ही दोघींनी खांदा लावला. एकदा, परत एकदा, आणि मग एकदम गार वारा तोंडावर आला.

बाहेर उजेड अजून होता. ओलं गवत, कलती थडगी, आणि वर छपराखाली ओळीनं दगडी मुंडकी, डुकराचं, मेंढ्याचं, जीभ काढलेल्या माणसाचं. येताना ती सगळी मला दात विचकून हसताहेत असं वाटलं होतं.

"चला, आत्याबाई, खाली जाऊन त्या बाईंना सांगू," गौरी म्हणाली आणि दार ओढायला लागली.

"थांब."

मी उंबऱ्यात उभी राहिले. आत तोंड केलं. "आत कोण हाय? असंल त्यानं बाहेर या!"

आवाज कमानीपर्यंत गेला आणि परत आला.

"आत कुणी नाही हो, आपणच होतो."

"गप. रीत हाय." मी दुसरी हाक मारली. "आत कोण हाय? असंल त्यानं बाहेर या!"

मग मी कनवटीला हात घातला. बोटं गारठली होती, किल्ली लवकर सुटेना. ती काढली. तिसरी हाक मी आत मारली नाही. तोंड फिरवलं.

"केतकी," मी म्हटलं.

तिनं मागं बघितलं. आधी तिला वाटलं असावं, दुसऱ्या कुणाला हाक मारली. मग तिचे डोळे माझ्या हातावर आले.

"पाच वाजायचे हायत का अजून?"

"आहेत. थोडाच वेळ."

"मग जा की! का आता मुहूर्त काढू?"

तिनं किल्ली घेतली. पाया पडली नाही, बरं झालं, मला तसलं आवडत नाही. थडग्यांमधनं वाट काढत ती उतारावर पळत सुटली, कोट उडत होता. मी दार ओढून घेतलं आणि भिंतीच्या आधारानं मोठ्या दाराशी आले.

तिथं भिंतीत एक साखळी आहे आणि साखळीला लोखंडी गळपट्टा. येताना तिनंच मला त्याची पाटी वाचून दाखवली होती. पूर्वी कुणी भांडलं, उलटून बोललं, की त्याला प्रार्थनेच्या वेळी ह्यात मान अडकवून उभं करायचे. बायांना जास्त. मी म्हटलं होतं, 'म्हंजे माझ्या मापाचाच हाय की.' आता त्या गळपट्ट्याशेजारी उभी राहून मी खाली बघत होते. गाडीत ती फोन कानाला लावून बोलत होती. काचेतनं तिचा हात दिसत होता, हवेत हलणारा. घरात तो हात मी कधी हललेला बघितला नव्हता.

ती वर आली तेव्हा तिला धाप लागली होती. "कळवलं," एवढंच म्हणाली. तेवढ्यात तिच्या हातातला फोन वाजला. तिनं बघितलं आणि तिचा चेहरा परत मिटला.

"हिकडं दे."

"आत्याबाई, मी बोलते."

"बोल की, जन्मभर बोल. आत्ता हिकडं दे." मी फोन कानाला लावला.

"गौरी, कुठं आहेस तू? किती वेळ झाला!"

"मी हाय."

"आई? बरं, झालं का बोलणं?"

"झालं."

"मग? काय ठरलं?"

"तिनं कळवलं. येते म्हणून."

पलीकडनं आवाज आला. तो आवाज चढत नाही माझ्या लेकाचा, खरंच चढत नाही. "आई, मी तुला कशासाठी आणलं होतं?"

"किल्ली सांभाळायला. सांभाळली. जिची तिला दिली."

"तू तिच्या बाजूनं..."

"गिरीश, तू कुणाचं पोर?"

"आई, आता हे काय?"

"सांग. कुणाचं?"

"गुरवाचं."

"मग दार लावायच्या आधी काय करायचं असतं?"

वाऱ्यानं साखळी हलली, गळपट्टा भिंतीवर टणकन आपटला. केतकी माझ्याकडं बघत होती.

"सांग की. बाबांच्या बोटाला धरून रोज जात होतास तू."

"हाक मारायची," तो म्हणाला. अगदी हळू, शाळेत गुरुजींनी उभं केल्यासारखा.

"तिला एकदा तरी हाक मारलीस?"

मी फोन कानाला धरून तशीच उभी राहिले, उत्तराची वाट बघत.